सुलभाताई, तुमची खोली गार होती

सुलभाताई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. दोन हिवाळे, रोज सकाळी. मी विचारायची, "रात्री खोली गरम होती ना?" आणि तुम्ही चहात आलं किसता किसता म्हणायचात, "छान उबदार होती हो. मी तर पांघरूण काढून टाकलं." पांघरूण काढून टाकलं! हे वाक्य आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. परवा खरंच आपटलं. दुधाच्या पातेल्याला पोचा आला.

मंडळातल्या बायका भेटायला आल्या होत्या. सुलभाताई किती शांत होत्या, किती समाधानी, कधी कशाबद्दल तक्रार नाही, असं सगळ्या बोलल्या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, तक्रार नाही याबद्दलच तर माझं भांडण आहे, आणि ते ऐकायला ही बाई आता जागेवर नाही.

हे लिहितेय तुम्हाला, पण वाचणार आहेत ईरा आणि अनय. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थकडच्या कालगुर्लीला त्यांना मराठी शिकवणारं कोणी नाही, तेव्हा त्यांची आई, मुग्धा, वाचून दाखवेल. वाचून दाखवेल अशी आशा आहे. त्यांच्या दोन आज्या इकडे थंडीच्या भागात, गुंगालिनच्या एका घरात राहत होत्या; त्यातली एक गारठ्यात झोपत होती आणि दुसरी वर गरम खोलीत. एवढंच त्यांच्या कानावर पडलं, तर मोठेपणी ती मुलं माझ्याकडे कुठल्या नजरेने बघतील? माझं जे काही उरलंय ते त्या दोघांच्या नजरेत आहे. म्हणून सगळं नीट, क्रमाने सांगते. तुम्हाला मधे बोलायची सोय नाही. तशीही तुम्ही कधी मधे बोलला नाहीत.

मुलांनो, विहीण म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तुमची पुणेआजी ही तुमच्या आईची आई आणि मी, पार्लाआजी, तुमच्या बाबांची आई. आम्ही एकमेकींच्या विहिणी. आमच्याकडे विहिणींनी लग्नात एकमेकींवर रुसायचं असतं, सणाला एकमेकींना साड्या द्यायच्या असतात आणि बाकी वेळ लांब राहायचं असतं. एका घरात राहायचं नसतं. तुम्ही दोघं लहान होतात आणि तुमची आई रात्रपाळ्या करत होती, तेव्हा आम्ही दोघी तुम्हाला सांभाळायला आलो. आमचे नवरे त्याआधीच गेलेले. मग तुमच्या आईला कालगुर्लीच्या हॉस्पिटलात आणि तुमच्या बाबांना तिथल्या खाणीत काम मिळालं, तुम्ही गेलात, आणि आम्ही इथेच राहिलो. तिथला उन्हाळा आम्हाला झेपला नसता. शिवाय इथे आमचे डॉक्टर होते, मंडळ होतं, भाजीवाला ओळखीचा झाला होता. लोक गंमतीने विचारायचे, "दोघी विहिणी? एका किचनमध्ये? आणि पोलीस बोलवावे लागले नाहीत?"

भांडणं झाली असती तर बरं झालं असतं, सुलभाताई. तुम्ही भांडलाच नाहीत.

लग्नापासून हेच. हॉल कुठला घ्यायचा? "तुमच्या सोयीने." जेवणात जिलबी की श्रीखंड? "तुम्हाला आवडेल ते." माझे यजमान तेव्हा वैतागून म्हणाले होते, "अगं, त्या बाईंना स्वतःचं काही मत आहे की नाही?" मी म्हटलं होतं, मुलीकडची बाजू आहे, बोलत नाहीत. तेव्हा मला ते शोभिवंत वाटलं होतं. या घरात राहायला आल्यावर पहिले कित्येक महिने तुम्ही फ्रिज उघडायच्या आधी मला विचारायचात. "वसुधाताई, थोडं दही घेऊ का?" शेवटी मी ओरडले, "घर मुग्धाचं आहे! कर्जाचे निम्मे हप्ते तुमची मुलगी भरते! तुम्ही मला दही कसलं विचारता?" तुम्ही हसून म्हणालात, "मुलीचं सासरच ना शेवटी." मी म्हटलं, "सासर म्हणजे कोण? मी? मी या देशात पाहुणी आहे." त्यावर तुम्ही दह्याचा डबा परत आत ठेवलात. जेवताना घेतलंच नाहीत. हा वाद तिथेच राहिला. मी तो पुन्हा कितीदा काढला, तुम्ही दर वेळी विषय बदललात.

तुमच्यात एक दुसरी बाईही होती, हे मुलांना सांगायलाच हवं. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवणारी. पार्कच्या या टोकाहून वाजवलीत की त्या टोकाची कुत्री थबकायची. ईराला ती शिट्टी तुम्ही शिकवलीत. मला ते मुळीच आवडलं नव्हतं आणि मी तसं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं, नाही शिकवत," आणि मागच्या अंगणात नेऊन शिकवलीत. तेव्हा मला कळायला हवं होतं, की तुमच्या 'बरं'चा काही भरवसा नाही.

आता हीटिंगचं. कालगुर्लीच्या मुलांना हे नीट सांगावं लागेल.

या घराच्या आधीच्या मालकाने, तो युरोपातून आलेला होता, इथे गरम पाण्याचं हीटिंग बसवून घेतलं. गॅरेजमध्ये बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, शेजारचा पंप ते पाणी नळ्यांतून घरभर ढकलतो, आणि प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी रेडिएटरमधून ते फिरून परत बॉयलरकडे येतं. पाणी स्वभावाने आळशी असतं. जवळचा, मोकळा रस्ता मिळाला की ते तिकडूनच परत जातं. लांबच्या खोलीपर्यंत जायचा त्याला कंटाळा. गॅरेजला लागून तुमची खोली, म्हणजे सर्वांत आधी गरम पाणी तुम्हाला. मग बैठकीची खोली, मग वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्या, आणि अगदी शेवटी माझी. माझा रेडिएटर कोमट असायचा. बाहेर गवतावर पांढरं दहिवर पडलेलं आणि आत मी स्वेटर, मोजे, कानटोपी घालून पुस्तक वाचतेय.

मी तक्रार केली. मी तक्रार करणारी बाई आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. निखिलला फोन केला. तो म्हणाला, "आई, प्लंबरला बोलव ना." प्लंबर पुढच्या महिन्याची तारीख देत होता. मग मी मॅन्युअल काढलं. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, एक मॅन्युअल वाचता येणार नाही का? त्यात अगदी पद्धतशीर दिलं होतं: रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे, खालून गार असेल तर गाळ, सगळेच कोमट असतील तर पंप बघा, आणि जवळचे गरम, लांबचे गार असतील तर पाण्याची वाटणी नीट झालेली नाही.

आठवतं ना, आपण माझ्या रेडिएटरमधली हवा काढली ती दुपार? मी छोट्या चावीने वरचा स्क्रू फिरवत होते, तुम्ही खाली वाटी धरून बसला होतात. सुस्स करून हवा आली आणि तुम्ही दचकून म्हणालात, "अगं बाई, हा तर फणा काढतोय!" मग काळं पाणी उडालं ते थेट तुमच्या पांढऱ्या पातळावर. मी म्हटलं, "जरा लांब बसा की." तुम्ही म्हणालात, "लांब बसले तर वाटी कोण धरणार?" आपण दोघी इतक्या हसलो की मला स्क्रू बंद करता येईना. एवढी हवा काढूनही रेडिएटर कोमटच राहिला. मग पंपाचा वेग वाढवला, तर नळ्या रात्रभर कण्हायला लागल्या. म्हणून परत कमी केला.

राहिलं होतं ते वाटणीचं. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाला गोल नॉब असतो आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली आणखी एक व्हॉल्व्ह. जवळच्या खोल्यांचे ते व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळायचे, म्हणजे पाणी पुढे सरकतं. मॅन्युअल म्हणतं, हे एका माणसाने करायचं काम नाही. प्रत्येक खोलीतल्या माणसाने किती गरम वाटतंय ते सांगत राहायचं. मी तुम्हाला विचारलं, "तुमच्या खोलीतला थोडा आवळू का? तुम्हाला गार वाटलं तर लगेच सांगायचं." तुमचं उत्तर मला शब्दशः आठवतं. "आवळा की. मला कुठे थंडी वाजते." मी म्हटलं, "तसं नाही चालणार. खरं सांगणार असाल तरच हात लावते." तुम्ही हसलात. आणि मी, सुलभाताई, तुमच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. तुम्ही खरं सांगणार नाही हे मला माहीत होतं. मी फक्त बैठकीच्या खोलीतला आणि मुलांच्या खोल्यांतले व्हॉल्व्ह आवळले.

त्याच आठवड्यात माझी खोली गरम झाली. मस्त, कढत. मी सकाळी खाली आले ती नाचतच. शिरा केला. निखिलला फोन करून सांगितलं की तुझ्या प्लंबरची गरज नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि म्हणालात, "वसुधाताई, तुम्ही इंजिनिअरच व्हायला हवं होतं." तो शिरा तुम्ही दोनदा मागून घेतलात. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मी चार जणींना हे सगळं साग्रसंगीत सांगितलं, तुम्ही शेजारी बसून माना डोलावत होतात.

तेव्हा तुम्हाला हसू येत होतं का?

यंदा तुम्हाला खोकला झाला, मग ताप, मग छातीत कफ. तुम्ही म्हणालात, साधी सर्दी आहे. मी ऐकलं नाही, अँब्युलन्स बोलावली. निघताना तुम्ही त्या पोरगेल्या पॅरामेडिकला म्हणालात, "सॉरी टू ट्रबल यू." ऑक्सिजनच्या मास्कमधून. पुढचं मी लिहीत नाही. न्युमोनिया म्हणाले, वय म्हणाले, फार लढल्या म्हणाले.

मुग्धा निखिलला आणि मुलांना घेऊन आली ती कालगुर्लीहून, पर्थमार्गे, रात्रभर प्रवास करून. पहिले दोन दिवस हॉस्पिटल, मग तुम्ही गेलात, आणि त्या रात्री ती तुमच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते, तर ती तुमची शाल पांघरून दारात उभी.

"अहो आई, तिच्या खोलीत हीटिंग नाहीये?"

तुम्हाला ती नुसतं आई म्हणायची आणि मला अहो आई. इतकी वर्षं मला ते गोड वाटायचं. त्या सकाळी त्या 'अहो'मध्ये मैलभर अंतर होतं.

मी म्हटलं, "आहे की. सगळ्यात आधी त्याच खोलीत येतं."

"रेडिएटर बर्फ आहे. मी हात लावून बघितला. मग तुमच्या खोलीत जाऊन बघितलं. तिथला हात ठेववत नाही इतका गरम आहे."

"मुग्धा, मला खरंच माहीत नव्हतं. मी रोज विचारायची."

"तुम्ही एका घरात राहत होतात," ती म्हणाली. एवढंच.

मुग्धा डॉक्टर आहे. न्युमोनिया कशाने होतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्या सकाळी ती डॉक्टर नव्हती. निखिल कपात बघत बसला होता. मुलं जमिनीवर काहीतरी खेळत होती, ईराने मान वर करून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेले नाही. तीच पुसायला हे लिहायला बसले आहे.

दिवस झाले आणि ते सगळे परत गेले. निघताना मुग्धा पाया पडली. रीतीने पडली. नंतर निखिलचे फोन आले, तिचे नाही.

ते गेल्यावर मी तुमच्या खोलीत गेले. या घरात मी एक नियम पाळला होता, तुमचं दार लोटलेलं असलं की आत यायचं नाही. तुमची ती एकच जागा स्वतःची होती, म्हणून. त्याचं हे फळ. खोलीत श्वास दिसत होता. तुमच्या उशीखाली गरम पाण्याची पिशवी, पलंगावर तीन गोधड्या आणि त्यांच्यावर तो जाड ओव्हरकोट. तुम्ही ओव्हरकोट पांघरून झोपत होतात आणि सकाळी मला सांगत होतात, पांघरूण काढून टाकलं.

मी मॅन्युअल घेऊन खाली बसले. रडायच्या आधी काम, ही माझी सवय. रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखाच गार, म्हणजे हवा नाही, गाळही नाही. तरी चावी लावून बघितलं, हवेचा एक सुस्कारा नाही. येणारी नळी भिंतीतून बाहेर येते तिथे चटका लागत होता. म्हणजे गरम पाणी तुमच्या दारापर्यंत येऊन थांबत होतं. मग मी नॉब बघितला. पूर्ण बंद. शून्यावर, आणि इतका घट्ट आवळलेला की मला दोन्ही हातांनी, टॉवेल गुंडाळून फिरवावा लागला.

नॉब उघडला आणि पाणी आत शिरल्याचा आवाज आला. टिक, टिक, टिक, लोखंड तापत होतं. मी हात ठेवून बसून राहिले. चांगलंच गरम झालं. मग काय मनात आलं कोण जाणे, वर माझ्या खोलीत गेले. माझा रेडिएटर कोमट होत चालला होता. थोड्या वेळाने पुन्हा जाऊन बघितलं, तर गेल्या वर्षी सुरुवातीला होता तसा.

म्हणजे माझी खोली मी गरम केलीच नव्हती. माझ्या त्या इतर खोल्यांतल्या खटपटीचा काडीचा उपयोग झाला नव्हता. माझी खोली तुमच्या बंद नॉबवर चालत होती.

तुमच्या त्या बोटांनी तो नॉब फिरला नसता. संधिवाताने तुम्हाला लोणच्याची बरणी उघडत नव्हती. म्हणून मी शेजारच्या शलाकाला हाक मारली. आयटीत काम करणारी, पुण्याचीच, तुमच्यावर जीव होता तिचा. मी नॉबकडे बोट दाखवलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

"काकू, हा मीच बंद केला होता. लास्ट इयर. मावशींनी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलं?"

"म्हणाल्या, इथे फार उकडतं, झोप लागत नाही. मी म्हटलं, मग थोडा कमी करू या. तर म्हणाल्या, नको, पूर्णच बंद कर. आणि मग विचारलं, हा बंद केला तर हे पाणी पुढे वसुधाताईंच्या खोलीत जाईल ना? मी म्हटलं, हो मावशी, जास्त जाईल. तर इतक्या खूश झाल्या! मला चकल्या बांधून दिल्या." ती रडायला लागली. "मला वाटलं खरंच उकडतंय. नंतर एकदा विचारलंसुद्धा, परत ऑन करू का? म्हणाल्या, ऑल गुड, नो वरीज."

नो वरीज! तुम्हाला हे इंग्रजी बरोबर वेळेवर सुचायचं.

शलाकाला चहा देऊन घरी पाठवलं, आणि मग मी ते केलं जे गेल्या वर्षीच व्हायला हवं होतं. तुमचा नॉब पूर्ण उघडला आणि दुसऱ्या टोकाची टोपी काढून तिथला व्हॉल्व्ह थोडा आवळला. वर जाऊन माझ्या रेडिएटरला हात लावला. खाली आले, तुमच्याला लावला. पुन्हा थोडा आवळला. पुन्हा वर. गुडघे बोंबलत होते. सबंध दिवस मी त्या जिन्यावर होते, कारण खालच्या खोलीतून "आता गरम आहे हो" किंवा "आता गार झालं" असं ओरडून सांगायला कोणी नव्हतं. तिन्हीसांजेला दोन्ही खोल्या गरम होत्या. दोन्ही! तुमचीही आणि माझीही. कढत नाही, पण एका गोधडीत झोप येईल इतक्या.

व्हॉल्व्हच्या अर्ध्या आट्याचा खेळ होता, सुलभाताई. अर्धा आटा. दोघींना पुरेल इतकी ऊब या घरात पहिल्यापासून होती. तुम्ही एकदा "गार वाटतंय" म्हणाला असतात, तर एका दुपारचं काम होतं, वाटी धरून, हसत. तुम्ही ते काम मला करू दिलं नाहीत. तुम्ही परस्पर ठरवलंत की एकीनेच गरम झोपायचं आहे आणि ती मी. हा हिशोब तुम्हाला कोणी शिकवला? तुमच्या आईने? मुलीकडच्यांनी मान खाली घालायची, मुलीच्या घरी पाणीसुद्धा जपून प्यायचं, हे तुम्ही साता समुद्रापार या गुंगालिनमध्ये घेऊन आलात, जिथे ट्रॅममध्ये तुमच्या शेजारी बसणाऱ्या कोणालाही विहीण म्हणजे काय ते ठाऊक नाही. आणि कोणासाठी? मी कधी मागितलं होतं? मी तुमचा मान मोजणारी सासू होते का? माझ्या तोंडावर सांगितलं असतंत की वसुधाताई, तुमची कुरकुर ऐकून कान किटले, तर मला चाललं असतं. मला आवडलं असतं. त्याऐवजी तुम्ही मला वरची वरमाई करून ठेवलंत, मला पत्ताही न लागू देता.

आणि तरी खरं सांगते, त्या दोन हिवाळ्यांत मला फार छान झोप लागली. हे तुमचे उपकार मानायचे की याबद्दलही रागवायचं, ते मला कळत नाही. सकाळी उठते तेव्हा उपकार वाटतात. दात घासेपर्यंत राग येतो.

मग प्रश्न आला, मुग्धाला सांगायचं का. नाही सांगितलं तर मी तिच्या मनात कायमची तीच, आईला गारठवणारी सासू. सांगितलं तर तिला कळणार की तिच्या आईने थंडी मागून घेतली, आणि तीही सासूसाठी. कुठल्या मुलीला हे ऐकवेल? दोन दिवस मी फोनकडे बघत फिरले. तुम्ही असता तर गप्प बसला असता. हेच माझं उत्तर ठरलं. तुमच्यासारखं गप्प बसायला मला जमत नाही, आणि त्या गप्प बसण्याने या घरात काय झालं ते मी बघितलंय.

रविवारी फोन केला. तिची सुट्टी असते. मी सगळं सांगितलं, नॉब, शलाका, चकल्या, अर्धा आटा. 

"म्हणजे तिनेच बंद करून घेतला."

"हो."

"तुमच्यासाठी."

"हो. मला न विचारता."

"अहो आई, हे मला का सांगितलंत? मला नको होतं हे कळायला."

"कारण तू माझ्यावर रागावली आहेस, मुग्धा. आणि मी तो राग घेऊन बसू शकत नाही. माझा नाहीये तो."

तिकडे ती रडायला लागली. मी रडू दिलं. मग नाक ओढत म्हणाली, "मग आता मी कोणावर रागावू?"

"तिच्यावर," मी म्हटलं. "मी रोज रागावते. कालच एका पातेल्याला पोचा आणला."

ती हसली की हुंदका होता, कळलं नाही. पण त्यानंतर जी सुरू झाली! "तुम्हाला सांगू? बारावीला असताना मला वाटायचं तिला साय आवडत नाही. सगळी माझ्या वाटीत. नंतर मी हॉस्टेलवरून अचानक घरी गेले एकदा, तर बाई उभ्याने पातेल्यातली साय खात होती!" मी फ्रिजचं, दह्याचं सांगितलं. तिने दिवाळीच्या साड्यांचं सांगितलं. मी हॉलचं सांगितलं. "तुमच्या सोयीने," आम्ही दोघी एकदमच म्हणालो, अगदी तुमच्या आवाजात. गेल्या कित्येक वर्षांत मी आणि माझी सून इतकं बोललो नव्हतो. आणि सगळं तुमच्याविरुद्ध.

मधेच ईराने फोन ओढला. "आजी, आर यू अँड ममा फायटिंग?"

"नाही गं. आम्ही दोघी मिळून तुझ्या पुणेआजीवर रागावलोय."

"व्हाय?"

"ती आम्हाला खोटं सांगायची. स्वतःला काही हवंय हे सांगायचीच नाही. आपलं सगळं दुसऱ्याला द्यायची आणि म्हणायची, मला नकोच होतं."

तिला आठवले ते लॅमिंग्टन्स, इथले खोबऱ्यात घोळवलेले केक. मग म्हणाली, "बट शी रिअली कुडन्ट हॅव लॅमिंग्टन्स, राइट? शी ऑलवेज गेव्ह मी हर्स. शी वॉज अ‍ॅलर्जिक टू कोकोनट."

मी काही बोलायच्या आत मागून मुग्धाचा आवाज आला. "कोकोनट? कसली अ‍ॅलर्जी! तिला?" आणि मग ती हसायला लागली, थांबेचना, आणि ईरा "व्हॉट? व्हॉट?" करत राहिली.

खोबऱ्याची अ‍ॅलर्जी, सुलभाताई? पोह्यांवर खोबरं, आमटीत खोबरं, सोलता सोलता तोंडात टाकायला खोबरं! एवढ्याशा पोरीला असं सांगताना तुमची जीभ तरी कशी वळली?